गाठोड्याच्या आत

तिसऱ्या बाईचे टाके चिघळले तेव्हा बाळंतपणाच्या वॉर्डातल्या मोठ्या सिस्टर स्वतः जिना उतरून आमच्या खोलीत आल्या. एरवी त्यांचा निरोप येतो, त्या येत नाहीत. दारात उभं राहून त्यांनी आधी मशीनकडे पाहिलं, मग टेबलावर रचलेल्या गाठोड्यांकडे, आणि माझ्याकडे बघायचं मात्र टाळलं. मला तेवढं पुरलं.

"मावशी, इकडे सगळं नीट चाललंय ना?"

"का हो? वर काही बिनसलंय का?"

"नाही, सहजच विचारलं," असं म्हणून त्या गेल्या. गुडघ्यांना पट्टे बांधून फिरणारी बाई दोन मजले उतरून सहज विचारायला येते, यावर विश्वास ठेवणाऱ्यांतली मी नव्हे.

मी मुळातच संशयी. घराला कुलूप लावलं की तीनदा ओढून बघते. डॉक्टर 'काही काळजी करू नका' म्हणाले की मी दुसरा डॉक्टर गाठते. नवरा घरीच शिवणकाम करतो. तो सगळ्यांना सांगतो की पहिल्या भेटीत हिनं माझं तोंड बघायच्या आधी माझ्या बाहीची शिलाई उलटी करून बघितली. यात काही खोटं नाही. शिलाई चांगली होती म्हणूनच मी पुढचं बोलणं केलं. दवाखान्यात लोक पाठीमागे मला 'चौकशी खिडकी' म्हणतात. म्हणजे, पाठीमागे म्हणतो असं त्यांना वाटतं.

आमची खोली तळमजल्याच्या टोकाला. ऑपरेशनला लागणारे कपडे, कात्र्या, चिमटे, बोळे धुऊन इथे येतात. आम्ही दोघी जणी ते तपासतो, घड्या घालतो आणि प्रत्येक ऑपरेशनचं एक गाठोडं बांधतो. मग मशीनवाले भाऊ ती गाठोडी वाफेच्या मशीनमध्ये भरतात. आतल्या वाफेनं जंतू मरतात. गाठोड्यावर एक चिकटपट्टी असते, तिला आम्ही टेप म्हणतो. तिच्यावरच्या तिरक्या रेघा आधी नीट दिसतही नाहीत, मशीनमधून बाहेर येताना मात्र काळ्याकुट्ट होऊन येतात. रेघा काळ्या म्हणजे गाठोडं निर्जंतुक. हे मला पहिल्या दिवशी सांगितलं होतं, आणि बावीस वर्षांत जे जे कुणी या खोलीत आलं त्यांना मी सांगितलं. टेपवर पेनानं तारीख आणि बांधणारीचा आकडा लिहायचा. माझा आकडा एक, दुसरीचा दोन.

ही दुसरी माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. कामाला चटपटीत, पण तिची गाठोडी बघवत नाहीत. कशीतरी फुगलेली, कोपरे लोंबणारे. तिला मी मनातल्या मनात ढिसाळबाई म्हणते. माझं गाठोडं म्हणजे विटेसारखं. मला शिकवणाऱ्या जुन्या सिस्टर म्हणायच्या, की गाठोडं टेबलावर आपटलं तर आवाज यायला पाहिजे. तसा आवाज माझ्या गाठोड्याचा येतो. ऑपरेशन थिएटरमधल्या सिस्टर खास निरोप पाठवायच्या, मोठं ऑपरेशन असेल तर मावशींच्या हातचं द्या म्हणून. याचा मला अभिमान होता, तो लपवण्यात अर्थ नाही.

तर सिस्टर गेल्या आणि मी कामाला लागले. कुठेतरी पाणी मुरत होतं, आणि ते आमच्या खोलीत मुरत नाहीये हे मला आधी सिद्ध करायचं होतं.

दुपारी धुतलेल्या चादरी पोचवायचं निमित्त काढून वर गेले. सात नंबरच्या खाटेवर ती तिसरी बाई होती. बाई कसली, पोरगीच. ऑपरेशन करून बाळ काढलेलं, नववा दिवस, आणि टाक्यांच्या जागी जाडजूड पट्टी. शेजारी तिची सासू बाळाला मांडीवर घेऊन बसलेली. मी चादर बदलता बदलता सुरुवात केली. टाक्यांना हात लावलास का, पट्टी भिजवलीस का, अंघोळ केव्हा केलीस, पुसायला कपडा कुठला घेतलास. ती प्रत्येकाला मान हलवून नाही म्हणत होती. मग मी तिला हात पुढे करायला सांगितलं आणि नखं तपासली. शाळेतल्या मुलीसारखे तिनं दोन्ही हात पालथे धरले.

"मी पहिल्यापासून तेच म्हणतेय," सासू म्हणाली. "हिला स्वच्छतेचं वळणच नाही. बाळाला काही झालं म्हणजे? म्हणून मी पाजण्यापुरतं देते आणि उचलून नेते."

पोरीनं भिंतीकडे तोंड केलं. मला बरं वाटलं, हे आज सांगताना लाज वाटते. दोष सापडला की मला नेहमीच बरं वाटतं, आणि तो आपल्या खोलीच्या बाहेर सापडला की जरा जास्त.

हे समाधान जिना उतरेपर्यंत टिकलं. टाके चिघळलेली पहिली बाई आमच्याच दवाखान्यातली नर्स होती, दिवसातून चाळीस वेळा हात धुणारी. तिलाही स्वच्छतेचं वळण नव्हतं असं म्हणायचं का? आणि तिघी जणी एकाच महिन्यात?

दुसरा संशय मशीनवाल्या भाऊंवर गेला. माणूस गरीब, कुणाच्या अध्यात ना मध्यात, पण चहाचा भारी शौकीन. मशीनला ठरलेला वेळ द्यायचा तो न देता भाऊ मधेच झाकण उघडून चहाला पळत असणार, असं मी ठरवून टाकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी स्टूल घेऊन मशीनसमोर बसले. हातात भरायच्या बोळ्यांचा ढीग घेतला, म्हणजे काम दिसावं.

"मावशी, आज मुक्काम इकडे?"

"तिकडे उकडतंय."

"आणि मशीनपाशी गार वाटतंय होय?" भाऊ म्हणाले, आणि गाठोडी भरायला लागले.

मी दोन फेऱ्या डोळ्यात तेल घालून बघितल्या. काटा जिथे हवा तिथे, घड्याळ बरोबर, एक मिनिट कमी नाही. भाऊ चहाला गेलेच नाहीत. दुसऱ्या फेरीच्या शेवटी त्यांनी वहीत वेळ लिहिली आणि वही माझ्यासमोर धरली. "बघून घ्या. मागच्या तीन महिन्यांचंही आहे." त्यांच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे जास्तच अवघड झालं. मी वही बघितली नाही असं सांगितलं तर खोटं होईल. पहिल्या पानापासून बघितली.

मग राहिली टेप. गेल्या पावसाळ्यापासून टेप नव्या ठिकाणाहून येत होती. नवीन म्हटलं की मला शंका येतेच. टेपचा वीतभर तुकडा पदराखाली घेऊन मी घरी आले. नवरा एका कोटाला इस्त्री करत होता. त्याची वाफेची इस्त्री मी मागून घेतली, ओल्या फडक्यावर टेप चिकटवली आणि वरून इस्त्री दाबून धरली. थोड्या वेळानं उचलली तर रेघा काळ्या. दवाखान्यात होतात तितक्याच.

"झाली काळी. मग?" नवऱ्यानं विचारलं.

"मग काय? रेघा काळ्या म्हणजे निर्जंतुक."

"हे फडकं?" त्यानं ते दोन बोटांनी उचललं. सकाळपासून तो त्याच फडक्यानं शिलाई मशीनचं तेल पुसत होता. "अगं, तिला चटका बसला, ती काळी झाली. वरवर चिकटलीये ती. आतल्याचं तिला काय विचारतेस?"

तो सहज बोलला आणि पुन्हा कोटाकडे वळला. मी मात्र फडकं हातात घेऊन उभीच राहिले. जगातल्या प्रत्येक कुलपावर, प्रत्येक माणसावर मी संशय घेतला होता, पण टेप बाहेरच का लावायची, हे मी बावीस वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं. सगळे लावतात म्हणून मीही बाहेरच लावत होते.

त्यातूनही माझ्या डोक्यात आलं ते भलतंच. मला वाटलं, आता ढिसाळबाई सापडणार. तिच्या त्या फुगीर गाठोड्यांमध्ये आत काय होत असेल ते देवच जाणे. तिची पाळी अकराला सुरू होते, त्याच्या कितीतरी आधी सकाळीच मी पोचले. तिनं आदल्या दिवशी बांधून ठेवलेली तीन गाठोडी सोडली, प्रत्येकाच्या मधल्या घडीत टेपचा तुकडा ठेवला आणि जशी होती तशी सैल बांधली. तुलनेला असावीत म्हणून माझीही तीन सोडली, तुकडे ठेवले, माझ्या पद्धतीनं गुडघा टेकवून करकचून बांधली. सहाही गाठोड्यांवर खूण केली आणि पहिल्या फेरीत भाऊंकडे दिली.

फेरी संपली. सहाही गाठोडी बाहेर आली, सगळ्यांवरच्या रेघा काळ्या. ती हात लावण्याजोगी होईपर्यंत मी दुसरं काही केलं नाही. मग दार लोटून घेतलं आणि आधी तिची उघडली. पहिलं, आत काळ्या रेघा. दुसरं, काळ्या. तिसरंही काळं. मला वाईट वाटलं, खरं सांगते. इतकी मेहनत केली आणि हाती काहीच लागलं नाही असं वाटलं.

मग माझं उघडलं. वरच्या दोन घड्या गरम, कोरड्या. मधल्या घडीला हात लावला तर ती नुसती कोमट. टेप जशी ठेवली होती तशीच फिकट, रेघा शोधाव्या लागत होत्या. दुसरं तसंच. तिसऱ्यात एका टोकाला जरासा तपकिरी डाग आला होता, बस्स. वाफ आत शिरायला जागाच नव्हती. मी ती ठेवलीच नव्हती.

मी स्टुलावर बसले आणि समोर घड्याळ दिसलं. साडेदहा. अकराला थिएटरमध्ये ऑपरेशन होतं, आणि तिकडे मोठ्या ऑपरेशनला कुणाच्या हातचं गाठोडं काढतात ते मला ठाऊक होतं. मी फोन उचलला.

"आकडा एक लिहिलेलं एकही गाठोडं उघडू नका," मी थिएटरच्या सिस्टरना सांगितलं.

"एक म्हणजे तुमचीच ना, मावशी?"

"माझीच. म्हणून सांगतेय."

त्यांनी विचारलं की दोन आकड्याची चालतील का, आणि मी म्हटलं, तीच चालतील. फोन ठेवल्यावर मला एक काम करायचं नव्हतं आणि तेच करावं लागणार होतं. ऑपरेशन झालं की गाठोड्यावरची टेप काढून पेशंटच्या कागदांवर चिकटवतात. वर जाऊन मी तिघींचे कागद मागितले. नर्सबाईच्या कागदावर एक. दुसरीच्या कागदावर एक. सात नंबरच्या पोरीच्या कागदावर एक, माझ्याच वळणदार अक्षरात, खाली तारीख. मी तो आकडा जरा मोठाच काढते.

खाली आले तेव्हा ढिसाळबाई कामावर आली होती. सुटलेली गाठोडी बघून तिचा चेहरा पडला होता. तिला वाटलं, आता आपली खरडपट्टी निघणार.

मी म्हटलं, "तू कशी बांधतेस ते मला दाखव."

"मावशी, टोमणा मारायचा असेल तर सरळ मारा ना."

"टोमणा नाही. दाखव."

ती माझ्याकडे तिरक्या नजरेनं बघत राहिली. बावीस वर्षं मी जगाकडे ज्या नजरेनं बघितलं तीच ती नजर होती, आणि ती आपल्यावर रोखलेली असली की कसं वाटतं ते मला तेव्हा कळलं. मी तिला फिकट टेपचे तीन तुकडे दाखवले आणि सगळं सांगितलं. ती टेबलाशी आली. घडी घातली, वर तळहात अलगद ठेवला, गाठ मारली आणि गाठीखालून दोन बोटं जातात की नाही ते बघितलं. हे तिला कुणी शिकवलं, असं मी विचारलं. कुणी नाही, ती म्हणाली, माझ्या मनगटात जोर नाही, मला घट्ट बांधताच येत नाही. मग मी तिच्याशेजारी उभी राहून बांधायला लागले. माझे हात ऐकत नव्हते, आपोआप आवळत होते. पाच गाठोडी तिनं मला परत सोडायला लावली, आणि सहावं पास केलं.

भाऊंनाही सांगितलं. मी आधी त्यांच्यावर संशय घेतला होता, तेही सांगितलं. ते म्हणाले, ते कळलं होतं मला. मग म्हणाले, "मलाही कधी उघडून बघावंसं वाटलं नाही, मावशी. गाठोडी तुमची होती ना." हे त्यांनी समजूत घालायला म्हटलं असेल, पण मला ते फार लागलं.

दुपारी मोठ्या सिस्टरांच्या खोलीत गेले आणि टेपचे तुकडे त्यांच्यासमोर ठेवले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. यापुढे प्रत्येक गाठोड्यात आतही टेप ठेवायची, हे त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं आणि वरिष्ठांसाठी कागदही लिहायला घेतला. मग पेन थांबवून म्हणाल्या, या वर्षी ऑपरेशनच्या चादरींचं नवीन कापड आलंय, ते जाड आहे. जाड कापडामुळे वाफ पोचली नाही असं लिहू. तुमचं नाव कशाला मधे आणायचं? नोकरीची तीन वर्षं उरलीत तुमची.

कापड जाड होतं, हे खरं होतं. आणि तो मोह मला झाला नाही असंही नाही. पण दरवर्षी दोन-चार जणींचे टाके चिघळत आले होते, आणि दरवर्षी आम्ही म्हणायचो, प्रकृतीच तशी, नाहीतर काळजीच घेतली नसेल. त्यांतल्या किती माझ्या गाठीमुळे, हे आता कुणालाच कळणार नव्हतं. ज्यांचे कागदही उरले नव्हते अशा बायकांचा विचार मनात आला आणि मला तिथेच रडू आलं. सिस्टर उठून माझ्यासाठी पाणी घेऊन आल्या.

"कापडाचं लिहा," मी म्हटलं. "त्याखाली माझंही लिहा. आणि सात नंबरला मी सांगून येते."

"पेशंटला कशाला? उगीच घाबरतील. उद्या तक्रार केली म्हणजे?"

"करू दे की."

त्यांनी मला अडवलं नाही. त्या सोबतही आल्या नाहीत, आणि ते मला बरंच वाटलं.

सात नंबरची पोरगी एकटीच होती. बाळ नव्हतं, सासूही नव्हती. व्हरांड्याच्या टोकाकडून बाळाच्या रडण्याचा आवाज येत होता आणि तिचे डोळे तिकडे लागले होते. मला बघून तिनं पांघरुणाखालून हात बाहेर काढायला सुरुवात केली. मी म्हटलं, राहू दे, मी तपासायला आलेली नाही.

कसं सांगायचं ते मी जिन्यावर ठरवलं होतं, ते सगळं विसरले. सरळच बोलले. तुझ्या ऑपरेशनचं गाठोडं मी बांधलं होतं. ते फार घट्ट बांधलं. आत वाफ पोचली नाही, कपडे निर्जंतुक झाले नाहीत, म्हणून तुझे टाके बिघडले. तुझ्या हातून काही चुकलेलं नाही. तू पट्टी भिजवली नव्हतीस, हे मला त्या दिवशीच कळायला हवं होतं. चूक माझी आहे.

ती ओरडेल, रडेल, निदान शिव्या देईल, असं मला वाटलं होतं. शिव्या दिल्या असत्या तर मी ऐकून घेतल्या असत्या. तिनं कोपरावर भार देऊन उठायचा प्रयत्न केला, टाके ओढले गेले, तोंड वाकडं झालं. मी उशी मागे सरकवून दिली.

"म्हणजे मी काही केलं नाही," ती म्हणाली.

"नाही."

"मला तर वाटायला लागलं होतं, मीच झोपेत हात लावला असेन."

व्हरांड्यातून सासूच्या चपलांचा आवाज जवळ येत होता आणि बाळाचं रडणंही. पोरीनं माझा हात धरला. तिच्या अंगात अजून कणकण होती.

"मावशी, आत्ता जाऊ नका ना," ती म्हणाली. "त्या आल्या की त्यांच्यासमोर परत एकदा सांगाल?"

मी खाटेशेजारचं स्टूल ओढलं आणि बसले.